रुळांखालची पायवाट

बदलापूर ह्या गांवाच्या नांवाची जी व्युत्पत्ति लोकांच्या तोंडीं आहे, ती भाषाशास्त्राच्या कसोटीस उतरो वा न उतरो, पण ती मोठी बोलकी आहे. घाटाकडे जाणारे स्वार येथें थांबत, दमलेले घोडे सोडून ताजे घेत, आणि हा घोड्यांचा 'बदल' येथें होई म्हणून तें बदलापूर, असें सांगतात. शिवाजीमहाराजांचे स्वार सुरतेकडे जातां-येतां येथेंच घोडीं बदलीत, अशीही जोड ह्या कथेस दिली जाते. अशा कथांवर इतिहासकारानें लागलीच मान डोलवूं नये हें खरें. तथापि एक गोष्ट ह्या कथेनें नीट जपून ठेविली आहे, ती ही कीं, हें गांव वाटेवरचें गांव होतें. कल्याण बंदरापासून उल्हास नदीच्या खोऱ्यांतून बोरघाटाच्या पायथ्याकडे जी वाट जाई, तिच्यावर मनुष्यें, बैल व तट्टें ह्यांची ये-जा आगगाडीच्या कित्येक शतकें आधींपासून चालू होती. बदलापुरापासून हांकेच्या अंतरावर अंबरनाथाचें देवालय आहे. तें शके ९८२ मध्यें, म्हणजे इ. स. १०६० सालीं, शिलाहार राजांच्या अमदानींत बांधलें गेलें. तेथें छिन्नी चालविणारे पाथरवट आणि पुढें तेथें दर्शनास येणारे यात्रेकरू ज्या वाटांनीं आले, त्या वाटा म्हणजेच हल्लींच्या लोहमार्गाच्या पूर्वज होत, असें म्हटल्यास फारशी अतिशयोक्ति होणार नाहीं.

हें पुराण येथें काढण्याचें कारण एक अगदीं अर्वाचीन प्रश्न आहे. ज्या लोहमार्गावरून गाड्या चालेनाशा झाल्या, त्याचें काय करावें? तो उखडून जमीन विकावी, तो तसाच गंजूं द्यावा, कीं त्याची सार्वजनिक पायवाट करून तो चालणाऱ्यांच्या स्वाधीन करावा? अमेरिकेंत व युरोपांत ह्या प्रश्नावर गेलीं साठ वर्षें सभा, खटले व कायदे झाले आहेत. आपल्याकडे तो अजून कायदेमंडळाच्या दारांत जाऊन उभा राहिलेला नाहीं. पण लोकांच्या पायांनीं तो केव्हांच उपस्थित केला आहे. बदलापुरापासून रेल्वेनें एकोणीस-वीस किलोमीटरांवर असलेल्या नेरळास जाऊन माथेरानच्या छोट्या रुळांवर घटकाभर उभें राहिलें, म्हणजे ह्याची खात्री पटते. परंतु त्या रुळांकडे वळण्यापूर्वीं मोठ्या रुळांची हकीगत सांगितली पाहिजे. कारण पायवाट आणि लोहमार्ग ह्यांतील देणें-घेणें प्रथम तेथें सुरू झालें.

मुंबई ते ठाणें ही गाडी १६ एप्रिल १८५३ रोजीं सुटली, हें शाळेंतील मुलांसही ठाऊक आहे. पुढील वर्षीं ती कल्याणास पोंचली, आणि १२ मे १८५६ रोजीं कल्याण, बदलापूर, नेरळ, पळसदरी ह्या मार्गानें खोपोलीस, म्हणजे थेट घाटाच्या पायथ्याशीं आली. हा मार्ग बांधणारी ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे कंपनी विलायतेंतील भागीदारांची होती खरी. पण १८४९ सालच्या करारान्वयें तिला जमीन फुकट मिळाली होती, आणि भांडवलावर शेंकडा पांच टक्के व्याजाची हमी सरकारनें घेतली होती. ती हमी अर्थात् ह्या देशाच्या महसुलांतून फेडावयाची होती. ही बाब वाचकांनीं लक्षांत ठेवावी, कारण पुढें तिचें काम पडणार आहे: शेतकऱ्याच्या बांधावरून, गुरचरणांतून व जुन्या पाणंदींवरून जो पट्टा कंपनीस मिळाला, त्याचें मोल कंपनीनें दिलेलें नाहीं, तें येथील रयतेनें दिलें.

स्थानक झालें तें कुळगांवाजवळ; मूळचें बदलापूर गांव पश्चिमेस, नदीच्या बाजूस राहिलें. अशी गोष्ट पुष्कळ गांवांच्या नशिबीं आली. वाट गांवाच्या वेशींतून जात असे, तेव्हां तिच्या वळणांवर पाणपोई, धर्मशाळा व लोहाराचा भाता असे; लोहमार्गाला गांवाशीं कर्तव्य नसतें, त्याला चढ-उताराशीं कर्तव्य असतें. त्यानें सोईची सपाटी पाहून आपली रेघ ओढली आणि गांवांनीं त्या रेघेकडे सरकावें अशी अपेक्षा केली. गांवें सरकलीं. आज बदलापूर म्हणतांच मनुष्याच्या डोळ्यांपुढें फलाट येतो, आणि ज्यास नुसतें बदलापूर म्हणत, त्याला ओळखीसाठीं 'बदलापूर गांव' असें म्हणावें लागतें.

खोपोलीपुढें मात्र सह्याद्रीनें ही रेघ अडविली. १४ जून १८५८ रोजीं घाटावर खंडाळ्यापासून पुण्यापर्यंत गाडी सुरू झाली. म्हणजे खालीं गाडी, वर गाडी आणि मध्यें डोंगर, अशी स्थिति पुढें पांच वर्षें होती. खोपोलीस उतरून प्रवाशानें पालखी, तट्टू, बैलगाडी किंवा आपले दोन पाय ह्यांपैकीं जें परवडेल त्याचा आश्रय करून घाट चढावा आणि खंडाळ्यास पुन्हां गाडींत बसावें. लोहमार्ग व पायवाट हीं एकाच प्रवासाचीं दोन अर्धीं होतीं असा काळ आपल्याकडे होऊन गेला आहे, हें आम्हांस मोठें अर्थपूर्ण वाटतें. ह्या घाटांतली वाटही कांहीं आभाळांतून पडली नव्हती. १८०४ च्या सुमारास आर्थर वेलस्ली ह्यानें ती तोफांच्या गाड्यांपुरती रुंद केली होती, आणि १८३० सालीं गव्हर्नर सर जॉन माल्कम ह्याच्या कारकीर्दींत तेथें गाडीरस्ता झाला. त्याही आधींची वाट होती ती लमाणांच्या बैलांची आणि धनगरांची.

धनगरांचें नांव निघालें म्हणून शिंग्रोबाची आठवण केली पाहिजे. जुन्या मुंबई-पुणें रस्त्यावर घाटांत त्याचें लहानसें देऊळ आहे, आणि अजूनही कित्येक गाडीवाले तेथें गाडी हळू करून हात जोडतात. दंतकथा अशी कीं, साहेबांस घाटाचा मार्ग सांपडेना. तेव्हां ह्या धनगरानें आपलीं मेंढरें ज्या वाटेनें जात ती दाखविली. बक्षीस काय पाहिजे म्हणून विचारतां, आमचा मुलूख आम्हांस परत द्या, असें तो म्हणाला, आणि त्याबद्दल त्याला गोळी घातली गेली. ही कथा कागदपत्रांनीं सिद्ध होण्याजोगी नाहीं. पण ती ज्यांनीं रचिली, त्यांस रेल्वेच्या इतिहासाचें मर्म ठाऊक होतें असें म्हणावें लागतें. वाट धनगराची आणि नकाशा इंजिनियराचा, हा ह्या घाटाच्या इतिहासाचा सारांश कोणा ग्रंथकारानें इतक्या थोडक्यांत सांगितलेला आमच्या वाचनांत नाहीं.

नकाशा काढणारा जेम्स बर्कले हा कर्तबगार इंजिनियर होता, ह्यांत शंका नाहीं. सुमारें सोळा मैलांत १,८३१ फुटांची चढण, पंचवीस बोगदे, आठ मोठे दगडी पूल, आणि कोठें कोठें ३७ फुटांस एक फूट असा उभा चढ, अशी ती योजना होती. १८५६ च्या आरंभीं काम सुरू झालें. कामकऱ्यांची संख्या एका वेळीं ४२ हजारांपर्यंत गेली. हीं माणसें देशावरून व कोंकणांतून बायका-मुलांसह आलीं, कड्यांवर दोर बांधून लोंबकळत सुरुंगाचीं भोंकें पाडूं लागलीं, आणि पटकी, ताप व अपघात ह्यांनीं किती मेलीं ह्याचा नीट हिशेब कोणी ठेविला नाहीं. मुख्य कंत्राटदार फॅव्हिएल ह्याच्या अमलांत मजुरी थकली, म्हणून १८५९ च्या जानेवारींत कामकऱ्यांनीं दंगा केला. त्याच वर्षीं त्यानें कंत्राट सोडलें. त्याच्या जागीं आलेला सॉलोमन ट्रेडवेल हा मुंबईस उतरल्यावर थोड्याच दिवसांत आजारानें वारला, आणि पुढचें कंत्राट त्याची विधवा अॅलिस ट्रेडवेल हिनें दोघां इंजिनियरांच्या साहाय्यानें पुरें केलें. स्त्रियांच्या कर्तृत्वाचीं उदाहरणें शोधणाऱ्या आमच्या लेखकांनीं ह्या बाईची उपेक्षा कां करावी, हें कळत नाहीं; आणि तिच्याच कामावर डोक्यावरून पाट्या वाहणाऱ्या ज्या हजारों बाया होत्या, त्यांचीं तर नांवेंही उरलीं नाहींत. बर्कले आपलें काम पुरें झालेलें पाहूं शकला नाहीं. तो १८६२ च्या ऑगस्टांत वारला. २१ एप्रिल १८६३ रोजीं गव्हर्नर सर बार्टल फ्रियर ह्याच्या हस्तें घाटाचा मार्ग खुला झाला.

ह्या मार्गांत एक चमत्कारिक स्थळ होतें. डोंगराची सोंड इतकी अरुंद कीं गाडीस वळण घेण्याइतकी जागा तेथें नव्हती. तेव्हां बर्कलेनें गाडी सरळ त्या सोंडेच्या टोंकापर्यंत नेली, तेथें इंजिन सोडवून दुसऱ्या बाजूस लाविलें, आणि गाडी उलट तोंडानें पुढचा चढ चढूं लागली. ह्यास रिव्हर्सिंग स्टेशन म्हणत. जवळ जवळ सहासष्ट वर्षें मुंबई-पुण्याचा प्रत्येक उतारू येथें एकदां पाठमोरा होत असे. टिळक, रानडे, गोखले हे सारे ह्या सोंडेवर इंजिन बदलेपर्यंत खिडकींतून दरी पाहत बसले असतील! १९२९ सालीं विजेच्या गाड्यांसाठीं नवे बोगदे पडले, नवी वाट झाली, आणि रिव्हर्सिंग स्टेशन एका दिवसांत निरुपयोगी झालें. १ जून १९३० रोजीं दख्खनची राणी धावूं लागली ती ह्या नव्या वाटेनें.

आतां प्रश्न असा कीं, त्या टाकलेल्या वाटेचें पुढें काय झालें? उत्तर असें कीं, कोणी कांहीं ठरविलें नाहीं. रूळ निघाले, रान वाढलें, मोटारींच्या रस्त्यांनीं त्या परिसरांत जेवढी जागा लागली तेवढी घेतली. त्याच ठिकाणचा १८३० सालचा दगडी पूल, ज्यास लोक अमृतांजन पूल म्हणत, तो द्रुतगति महामार्गास अडचण होते म्हणून २०२० च्या एप्रिलांत सुरुंग लावून पाडण्यांत आला. देशभर टाळेबंदी असल्यामुळें रस्त्यावर गाडी नव्हती आणि कोणाच्या डोळ्यांत पाणी येण्यासही तेथें मनुष्य नव्हता. पुलाचे खांब महामार्गावर आले होते, अपघात होत होते, हें सारें मान्य आहे. पण जी वास्तु पाडावयाची तिच्याविषयीं चार दिवस वाद होऊं देणें ही सुधारलेल्या समाजाची रीति आहे, आणि ती रीति येथें पाळली गेली असें म्हणतां येत नाहीं.

माथेरानची गोष्ट निराळी आहे; तेथें रूळ मेलेले नाहींत, ते वारंवार आजारी पडतात. १८५० च्या मे महिन्यांत ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट हा चौकेच्या बाजूनें ह्या डोंगरावर चढला, आणि तेव्हांपासून मुंबईच्या साहेबलोकांस व शेटजींस तेथील हवा मानवूं लागली. पन्नास-पंचावन्न वर्षें लोक नेरळास उतरून तट्टावर, पालखींत किंवा पायीं वर जात. सर आदमजी पीरभाई ह्या मुंबईच्या सावकारानें हें पाहिलें. त्याचा मुलगा अब्दुल हुसेन ह्यानें दोन फूट रुंदीचा छोटा लोहमार्ग बांधण्याचें मनावर घेतलें. आणि सोळा लाख रुपये खर्चून १९०७ सालीं नेरळ-माथेरान गाडी सुरू झाली. सुमारें वीस किलोमीटरांचा हा मार्ग दर वीस फुटांस एक फूट इतका उभा चढ चढतो, आणि त्यावर एकच बोगदा आहे. त्या बोगद्याचें प्रचारांतील इंग्रजी नांव थोडें चावट असून तो किती आंखूड आहे हें त्यावरून समजतें. जिज्ञासूंनीं तें स्थानिक वाटाड्यास विचारावें. जर्मनींत बनलेलीं चार वाफेचीं इंजिनें ह्या मार्गावर १९८२ पर्यंत चाललीं. त्यांतलें एक पुढें इंग्लंडांत जाऊन पोंचलें. हा मार्ग जागतिक वारशाच्या यादींत यावा म्हणून त्याचें नांव संभाव्य यादींत नोंदलेलें आहे.

गेल्या वीस वर्षांत ही गाडी तीनदां दीर्घकाळ बंद पडली. २६ जुलै २००५ च्या प्रलयांत मार्ग ठिकठिकाणीं वाहून गेला आणि तो २००७ सालीं पुन्हां सुरू झाला. २०१६ च्या मे महिन्यांत लागोपाठ दोनदां डबे घसरल्यावर गाडी थांबविली गेली. वरच्या टप्प्यांत, अमन लॉज ते माथेरान, ती २०१७ च्या ऑक्टोबरांत, आणि नेरळापासून २०१८ च्या जानेवारींत चालूं लागली. पुढें २०१९ च्या पावसांत मार्ग पुन्हां खचला, आणि नेरळापासूनची गाडी येण्यास २०२२ चा ऑक्टोबर उजाडला. शिवाय दर पावसाळ्यांत चार महिने नेरळ ते अमन लॉज हा टप्पा बंद असतोच. ह्या सर्व काळांत रूळ रिकामे होते असें मात्र कोणीं समजूं नये. दस्तुरीनाक्यापुढें मोटारीस बंदी असल्यामुळें, जो माथेरानास येतो तो ह्या रुळांच्या बाजूनें, कित्येकदां रुळांवरूनच, चालत गांवांत शिरतो. पेबच्या किल्ल्यावर जाणाऱ्या तरुणांच्या टोळ्या कड्यावरच्या गणपतीपर्यंत ह्याच स्लीपरांवर पावलें मोजीत जातात. १९८९ च्या रेल्वे कायद्यांतील १४७ वें कलम अक्षरशः लाविलें, तर रेल्वेच्या हद्दींत बिनपरवाना शिरणाऱ्या ह्या मंडळींस सहा महिन्यांचा तुरुंग किंवा हजार रुपयांचा दंड व्हावयाचा. पण मग कर्जतच्या न्यायालयास दुसरें काम उरणार नाहीं!

म्हणून असा एक विचार सहज पुढें येतो: ज्या मार्गावर गाडी वर्षांतून फार तर आठ महिने चालते, जिची दुरुस्ति खर्चाची आहे आणि उत्पन्न तुटपुंजें, तो मार्ग सरळ चालणाऱ्यांच्या हवालीं कां करूं नये? वीस किलोमीटरांची सौम्य चढाची, रानांतून वळणें घेत जाणारी अशी पायवाट मुंबईजवळ दुसरी नाहीं. परदेशांतील उदाहरणें ह्या पक्षाच्या हातीं तयार आहेत. शिकागोजवळची एक विजेची रेल्वे १९५७ सालीं बंद पडली; १९६३ सालीं मे थीलगार्ड वॉट्स ह्या वनस्पतिशास्त्रज्ञ बाईंनीं तेथील वृत्तपत्रांत एक पत्र लिहून, हा पट्टा विकला जाण्यापूर्वीं त्याची पाऊलवाट करा, अशी विनंती केली, आणि त्या पत्रांतून इलिनॉय प्रेअरी पाथ निघाला. त्याच १९६३ सालीं इंग्लंडांत डॉक्टर बीचिंग ह्याचा अहवाल प्रसिद्ध होऊन हजारों मैलांचे लोहमार्ग बंद झाले. त्यांतले कांहीं आज सायकलवाल्यांचे व पादचाऱ्यांचे रस्ते आहेत. न्यूयॉर्कांत उंच खांबांवरची मालगाडीची वाट २००९ सालीं बाग होऊन लोकांस खुली झाली.

परंतु परदेशची नक्कल करणाऱ्यानें तेथील भांडणेंही वाचलीं पाहिजेत. अमेरिकेंत शेतकऱ्यांचें म्हणणें असें कीं, आम्हीं जमीन दिली ती रेल्वे चालविण्यापुरती. गाडी थांबली, आतां जमीन आमची आम्हांस द्या. आमच्या परसांतून शहरांतल्या सायकलवाल्यांनीं हिंडावें असा कांहीं करार झाला नव्हता. ह्यावर १९८३ सालीं तेथें कायदा झाला, तो मोठा युक्तीचा आहे. बंद मार्ग पायवाट म्हणून वापरावा, पण कागदोपत्रीं तो 'पुढें लागल्यास पुन्हां रेल्वे' म्हणून राखून ठेवावा, म्हणजे तो सोडून दिला असें होत नाहीं व जमीन मूळ मालकाकडे परत जात नाहीं. १९९० सालीं त्यांच्या सर्वोच्च न्यायालयानें हा कायदा उचलून धरिला, आणि ज्यांची जमीन गेली असें ठरेल त्यांस भरपाई मागण्याची वाट मोकळी ठेविली. पुढें २०१४ सालीं एका निराळ्या प्रकारच्या जमिनीबद्दल निकाल मालकाच्या बाजूनें झाला. सारांश, साठ वर्षें झालीं तरी तेथेंही हा वाद मिटलेला नाहीं.

आपल्याकडे ह्या वादाचें स्वरूप वेगळें पडतें, आणि तें कां, हें १८४९ च्या करारावरून दिसून येतें. येथें रेल्वेनें जमीन उसनी घेतलेली नाहीं. ती सार्वजनिक कामासाठीं म्हणून सक्तीनें संपादन होऊन गेली आणि तिचा खर्च सार्वजनिक तिजोरीनें सोसला. तेव्हां गाडी थांबल्यावर ती कोणा एका मालकाकडे परत जाण्याचा प्रश्न बहुधा उद्भवत नाहीं. प्रश्न उद्भवतो तो असा कीं, ती 'सार्वजनिक' राहते कीं 'रेल्वेची मालमत्ता' होते. २००५ सालच्या दुरुस्तीनें रेल्वेच्या मोकळ्या जमिनी व्यापारी उपयोगासाठीं भाडेपट्ट्यानें देणारें एक स्वतंत्र प्राधिकरण कायद्यांत आलें. खर्चाची तोंडमिळवणी करावयास असलें कांहीं लागतें हें आम्ही नाकारीत नाहीं. पण ज्या पट्ट्यासाठीं रयतेनें एकदां किंमत दिली, तो पट्टा दुकानांच्या गाळ्यांसाठीं देण्यापूर्वीं, तेथून लोकांस निदान चालूं तरी द्यावें काय, एवढा प्रश्न विचारण्याचें बंधन कोणावर तरी असावयास हवें. विदर्भांतील शकुंतलेचें उदाहरण डोळ्यांपुढें आहे. मूर्तिजापुराहून यवतमाळ व अचलपूर ह्या दोन बाजूंस गेलेली सुमारें १८९ किलोमीटरांची ही छोटी रेल्वे कापसासाठीं एका विलायती कंपनीनें बांधली. तिचें वाफेचें इंजिन १९९४ च्या एप्रिलापर्यंत धांवलें. आणि पुढें गाड्याही थांबल्या. तेथील लोक रुंद मार्गाची मागणी करीत आहेत, आणि ती रास्त आहे. अशा वेळीं मधल्या काळांत हा पट्टा मोकळा, अखंड व लोकांच्या पायाखालचा राहणें हेंच त्या मागणीचें उत्तम संरक्षण आहे. कारण एकदां त्यावर घरें उठलीं कीं गाडीही गेली आणि वाटही गेली.

म्हणजे आम्ही पायवाटेच्या पक्षाचे झालों काय? शकुंतलेपुरते, होय. रिव्हर्सिंग स्टेशनच्या अवशेषांपुरते तर निःसंशय होय. माथेरानापुरते मात्र नाहीं. आणि ह्याचें कारण रानाच्या शोभेंत सांपडणारें नाहीं, तें माथेरानच्या माणसांत आहे.

तेथें राहणाऱ्या मनुष्यास गाडी म्हणजे मौज नव्हे. ४ फेब्रुवारी २००३ च्या अधिसूचनेनें माथेरान व भोंवतालचा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरला, आणि मोटारी दस्तुरीनाक्याशीं थांबतात त्या थांबतातच. हें योग्यच आहे. त्यामुळेंच तेथें झाडें उरलीं. पण नाक्यापासून गांवापर्यंतच्या अडीच-तीन किलोमीटरांत गरोदर बाई, पाय मोडलेला म्हातारा, तांदुळाचें पोतें आणि गॅसचा नळा हीं कशीं जावयाचीं? घोड्यावर, हमालाच्या डोक्यावर, किंवा माणसानें ओढावयाच्या रिक्षांत. अशा ९४ रिक्षा तेथें परवान्याच्या होत्या. चढावर पुढें एकानें ओढावें आणि मागें दोघांनीं रेटावें, असा हा विसाव्या शतकांतून एकविसाव्यांत आलेला देखावा होता. ह्या ओढणाऱ्यांनींच न्यायालयांत जाऊन, आम्हांस ह्या जोखडांतून सोडवा आणि विजेची रिक्षा चालवूं द्या, अशी मागणी केली. २०२२ च्या मे महिन्यांत सर्वोच्च न्यायालयानें प्रयोग करण्यास संमति दिली, डिसेंबरांत विजेच्या रिक्षा फिरूं लागल्या, आणि ६ ऑगस्ट २०२५ रोजीं हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करण्याचा हुकूम झाला. घोडेवाल्यांस आपल्या पोटाची काळजी पडली, आणि जांभ्याच्या लाल वाटेवर सिमेंटचे ठोकळे बसवावे कीं नाहीं ह्यावर रान राखणारे आणि रिक्षा चालविणारे ह्यांचें निराळेंच भांडण जुंपलें. ह्या सगळ्या भांडणांत ज्या एका वाहनाविरुद्ध कोणाचीही तक्रार नाहीं, जें धूळ उडवीत नाहीं, जनावरास मारीत नाहीं, ठोकळे मागत नाहीं आणि गरिबासही परवडतें, तें वाहन म्हणजे ही छोटी गाडी. ती काढून तेथें हवा खाण्याची वाट करा, असें म्हणणारा मनुष्य पांच दिवस मुंबईंत काम करून दोन दिवस माथेरानास येणारा असला पाहिजे.

डोंगराच्या पायथ्याशीं व खांद्यावर ठाकर-कातकऱ्यांच्या वाड्या आहेत. तेथील बायामाणसें रोज पहाटें डोंगर चढून माथेरानांत कामास येतात, भाजी आणि मोळ्या आणितात, संध्याकाळीं उतरतात. त्यांच्या पायवाटा रुळांहून जुन्या, उभ्या आणि जवळच्या आहेत. त्यांना वीस किलोमीटरांच्या वळणांचा उपयोग नाहीं. पायवाटेच्या नांवानें जर खरोखरच पैसा खर्चावयाचा असेल, तर ह्या उभ्या वाटांवर पायऱ्या, कठडा आणि मध्यें एखादें पाण्याचें टाकें बांधावें. तेथें फाटक उभारून तिकीट लावण्याचा मोह कोणास होणार नाहीं, हा एक जादा फायदा.

रुळांवरून चालणें ही आम्हां ठाणें जिल्ह्यांतल्या लोकांस नवलाची गोष्ट नाहीं. त्याच २६ जुलै २००५ च्या दिवशीं आणि रात्रीं, गाड्या जेथल्या तेथें थांबल्यावर, हजारों माणसें गुडघाभर पाण्यांतून रुळांचा अंदाज घेत मुंबईहून घरीं चालत निघालीं. २७ जुलै २०१९ रोजीं बदलापूर व वांगणी ह्यांच्या दरम्यान उल्हास नदीनें महालक्ष्मी एक्स्प्रेसला वेढा घातला, तेव्हां हजारावर उतारूंस होड्यांनीं काढावें लागलें. भोंवतालच्या गांवकऱ्यांनीं त्या दिवशीं पाण्यांत उतरून जी मदत केली, ती विसरण्याजोगी नाहीं. ज्या मार्गावर रोज लाखों लोक लोंबकळत जातात, आणि जेथें कल्याणपासून बदलापुरापर्यंत आणखी दोन रूळमार्ग घालण्याचें काम हातीं घेतलें आहे, तेथें पायवाट कोणी मागणार नाहीं, रूळच मागेल. तरीही नव्या रुळांसाठीं पुन्हां जमीन घेतली जात असतां, कडेनें मनुष्यास सुरक्षित चालतां येईल अशी चार हातांची पट्टी आणि रूळ ओलांडण्यास पुरेसे पूल ह्या आराखड्यांत आहेत किंवा नाहींत, हें नगरपालिकेनें आतांच विचारावयास हवें. पुढें भिंती उभ्या राहिल्यावर विचारून उपयोग नाहीं.

राहतां राहिली ती रिव्हर्सिंग स्टेशनची टाकलेली वाट. तेथें गाडी पुन्हां येणार नाहीं, कोणाची रोजी बुडणार नाहीं, आणि कोणाचें शेत जाणार नाहीं. जे अवशेष उरले आहेत त्यांची मोजणी व्हावी, पट्टा कोणत्या खात्याच्या नांवें आहे हें एकदां ठरावें, आणि जेथपर्यंत धोका नाहीं तेथपर्यंत तो चालणाऱ्यांस खुला व्हावा. तेथें एक दगड बसवावा व त्यावर बर्कलेचें नांव असावें, अॅलिस ट्रेडवेलचें असावें, १८५९ च्या जानेवारींत थकलेली मजुरी मागण्यास उठलेल्या कामकऱ्यांचा उल्लेख असावा. आणि शिंग्रोबाचें देऊळ तेथून किती अंतरावर आहे तेंही लिहावें.